ट्रायजेमिनल न्यूराल्जिया: शस्त्रक्रिया की गामा नाइफ? विम्याच्या बाजूने तुलना

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या दुखण्यातील विजेसारख्या कळा गोळ्यांनी आवरेनाशा झाल्या की बहुधा या दोन उपचारांची चर्चा होते.

मायक्रोव्हॅस्क्युलर डीकंप्रेशनमध्ये पूर्ण भूल देऊन कानामागे कवटी उघडतात आणि मज्जातंतूवर दाबणारी रक्तवाहिनी दूर करून मध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवतात. रुग्णालयात काही दिवस राहावे लागते, त्यामुळे दाव्याचे स्वरूप नेहमीचेच असते. मात्र पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि रुग्णाने त्याहून महाग खोली घेतली, तर भाड्यातील फरकाबरोबरच डॉक्टरांच्या शुल्कातूनही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचे शुल्क यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही, हे बिल तपासताना आवर्जून पाहावे.

गामा नाइफमध्ये मज्जातंतूवर किरणांचा अचूक मारा करतात; चिरफाड नसते आणि रुग्ण अनेकदा त्याच दिवशी घरी जातो. गामा नाइफ ज्या प्रकारात मोडते ती स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी ही आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या आधुनिक उपचारांच्या यादीत असल्याने विमा कंपनीला ती सरसकट वगळता येत नाही. तथापि तिच्यावर उपमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम, घालता येते आणि खरी अडचण तिथेच येते, कारण विमा रक्कम मोठी असूनही प्रत्यक्ष मंजुरी थोडक्या रकमेची मिळू शकते. शिवाय आराम पडायला आठवडे किंवा महिने लागतात, तोवर औषधे चालूच राहतात, आणि अनेक पॉलिसींतील उपचारोत्तर खर्चाची मुदत ६० दिवसांतच संपते.

भूल सोसणारी प्रकृती आणि एमआरआयमध्ये दिसणारा दाब असेल, तर केवळ विम्यासाठी शस्त्रक्रिया टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वयोवृद्धांनी गामा नाइफ निवडताना उपमर्यादेचा आकडा आधी लेखी मागावा.