गोळ्या, आयोडीन की ऑपरेशन?

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जादा काम करतेय, गळा फुगलाय, टीएसएच (थायरॉईडला हुकूम देणारं हार्मोन) तळाला गेलंय, वजन उतरतंय आणि डॉक्टर तीन पर्याय सांगून "विचार करून कळवा" म्हणालेत, अशांसाठी हे लिहितोय. रिपोर्ट नॉर्मल आणि नुसती गाठ असेल तर तुमचा हिशेब वेगळा. तिथं सुईची तपासणी काय सांगते ते आधी बघा.

मी सोलापूरचा. इथं मे महिन्यात सगळ्यांनाच घाम फुटतो, त्यामुळे आपलं काही बिनसलंय हे कळायला मला संक्रांत यावी लागली. गड्ड्याच्या यात्रेत लोक स्वेटर घालून फिरतायत आणि मी सदऱ्याची बटणं उघडी टाकून. चादरींच्या गावात राहून अंगावर चादर घेववेना. हात असा थरथरायचा की बँकेत सही जुळेना. चार महिन्यांत ६९ वरून ६० किलोवर आलो, तेही एका बैठकीला पाच-पाच कडक भाकरी खाऊन.

सुरुवात बहुतेकांची कार्बिमाझोलनेच होते, म्हणजे थायरॉईडचं काम मंदावणाऱ्या गोळीने. ऑपरेशन करायचं तरी आधी टी३-टी४, म्हणजे थायरॉईडचे हार्मोन, ताळ्यावर आणावे लागतात. गोळी स्वस्त, चिरफाड नाही, ग्रंथी शाबूत. कोर्स साधारण १२ ते १८ महिन्यांचा. पुष्कळांचं एवढ्यावर भागतं. तुमचं भागत असेल तर माझं पुढचं ऐकूही नका. गोळी बंद केल्यावर जवळजवळ निम्म्यांना आजार परत गाठतो, आणि गळा मोठा असेल तर जास्तच. माझा मोठा होता.

पण मी कंटाळलो ते दुसऱ्याच गोष्टीला. या गोळीने क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं: घसा दुखला किंवा ताप आला की गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. सल्ला अगदी योग्य. फक्त मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. हवेत सुताचे तंतू, बाहेर रस्त्याची धूळ. माझा घसा महिन्यातून दोनदा तरी खवखवतोच. प्रत्येक वेळी लॅब, दंडाला पट्टी, संध्याकाळपर्यंत धाकधूक, मग "पेशी ठीक आहेत". शेवटी लॅबमधला मुलगा म्हणाला, "अण्णा, आज कुठला हात?" हा धोका फार थोड्यांना असतो आणि मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत, हे मला समजावलेलं होतं. मनाला ते पटत नव्हतं. कोर्स संपून सात महिन्यांनी आजार उलटला आणि पुन्हा तीच गोळी हातात आली, तेव्हा पहिली आठवण घशाचीच झाली.

मग रेडिओआयोडीनची, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनची, चौकशी करायला हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. कागदावर हाच सगळ्यांत सुटसुटीत मार्ग. एक डोस घ्यायचा, घरी यायचं, काही आठवड्यांपासून काही महिन्यांत ग्रंथी थंडावते. धारवाड-बेळगावकडचे माझे मेहुणे यावरच बरे झालेत आणि माझ्या निर्णयाला अजून हसतात. पण डोळे बाहेर आलेले असतील तर त्रास वाढू शकतो, विडी-सिगारेटवाल्यांना विशेष. गरोदरपणात तर नाहीच. मोठ्या गळ्याला कधी दुसरा डोस लागतो. शिवाय डोसप्रमाणे काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायचं. आमचं घर दोन खोल्यांचं आणि नात दीड वर्षाची. ती माझ्या पोटावरच झोपते. तिला लांब ठेवणार कुठं?

राहिलं ऑपरेशन, म्हणजे ग्रंथीच काढून टाकायची. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारक्या ग्रंथी तिथंच चिकटून असतात, म्हणून भीती खरीच आहे. माझा आवाज तीन आठवडे बसला होता. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, कॅल्शियम सुरू झालं. आता जन्मभर रोज उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी (ग्रंथीचं हार्मोन बाहेरून) आणि त्यानंतर तासभर चहा बंद, हे मला आजही जड जातं. कॅल्शियमची गोळी असेल तर तीही चार तासांनी. पण आयोडीननंतरही बहुतेकांना शेवटी हीच गोळी लागते, मग चहाचा तास तसाही जाणारच होता. उताणं झोपल्यावर गळ्यावर येणारा दाब मात्र त्याच आठवड्यात गेला, आणि घसा दुखला तर मी आता मिठाच्या गुळण्या करतो.

वजनावरून निर्णय घेऊ नका, असं मला वाटतं. ते तिन्ही वाटांनी परत येतं. मी आज ७४. थोडा दोष थायरॉक्सिनच्या डोसचा होता, तो सहा-आठ आठवड्यांनी तपासून बदलत गेला. उरलेला पाच भाकऱ्यांचा. आजार गेला तरी पोटाची सवय गेली नव्हती.

तुमचा डॉक्टर तुमचा गळा बघून सांगेल ते माझ्या सांगण्यापेक्षा खरं. ऑपरेशन ठरलंच तर सर्जनला एवढं विचारा, वर्षाला अशी किती करता? मी चाचरत विचारलं. त्यांना राग आला नाही, आकडा सांगितला.