बुटकं पुस्तक-शेल्फ, नऊ महिन्यांनंतर: लेकीला पावलं, कूलरपुढे हरलं

दिवाळीत घेतलं, आता श्रावण लागलाय. वस्तू घरी आल्याच्या चौथ्या दिवशी 'मस्त आहे' लिहिणारे खूप असतात, म्हणून मुद्दाम थांबलो.

काय आहे ते आधी सांगतो. लहान मुलांसाठी एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) शेल्फ, उंची ३४ इंच. वर तीन उथळ कप्पे, त्यात पुस्तक आडवं न खुपसता तोंड समोर करून ठेवायचं. खाली खेळण्यांसाठी एक मोठा खण. ऑनलाइन १,६५० रुपयांना पडलं. लेक तेव्हा चार वर्षांची होती.

अमळनेरला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. जी पुडी गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभी असते ती आधी उचलली जाते, मागच्या रांगेतला माल विचारल्याशिवाय निघत नाही, हे मला झोपेतही माहीत आहे. घरात मात्र लेकीची पुस्तकं टीव्हीवरच्या फळीवर, पाठ बाहेर करून रचलेली. जिला अक्षर येत नाही तिला त्या पाठी सगळ्या सारख्याच. पुस्तक हवं असेल तर "पप्पा, काढून द्या ना." मी म्हणणार, "आलोच." त्या आलोचची कधी कधी रात्र व्हायची.

शेल्फ आल्यावर पहिले आठ दिवस काहीही झालं नाही. वरचे कप्पे बाहुल्यांना मिळाले आणि खालचा खण रिकामा करून ती स्वतः त्यात बसली. (१६ किलोचं पोर बसूनही फळी वाकली नाही, हे कंपनीच्या बाजूने नोंदवतो.) मग एका दुपारी जेवायला घरी आलो तर ही जमिनीवर मांडी घालून मोठ्याने 'वाचत' होती. वाचत कसली, रोज ऐकून पाठ झालेलं म्हणत होती. पण मी रात्री ज्या पानावर जांभई देतो, त्या पानावर तिनेही मोठी जांभई दिली आणि मग पान उलटलं. जांभई गोष्टीतलीच आहे असं तिला वाटत होतं. मी दारातच चप्पल न काढता उभा राहिलो.

अक्षरांत तिने पहिलं धरलं ते ळ. एका पुस्तकात केळी होती, तिथून. एस.टी. स्टँडवर धुळ्याच्या गाडीची पाटी बघून ओरडली, "पप्पा, केळीतला ळ!" आमच्याकडे ळ शोधायला लांब जावंही लागत नाही: जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा, भुसावळ. नंदुरबारकरांनी माफ करावं. पंचाईत झाली आजीची. आई अस्सल अहिराणी, तिच्या तोंडी ळ नाहीच. डोळा तो डोया, काळा तो काया. लेक पुस्तक घेऊन गेली, "आजी, केयं नाही, हे बघ, ळ आहे." आईने चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाली, "तुना पुस्तकमा ते ऱ्हाऊ दे, मना तोंडमा हाई शे." मी मध्ये पडलो नाही. आता ती आजीजवळ केयं मागते आणि पुस्तकात केळं वाचते, कोणी न शिकवता.

पुस्तकांचं म्हणाल तर शेल्फपेक्षा तीच मिळवणं अवघड गेलं. साने गुरुजींनी ज्या गावातून 'विद्यार्थी' मासिक काढलं, तिथे मी गाइडांच्या दुकानांतून हात हलवत परत आलो. शेवटी नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची मागवली. स्वस्त असतात, फाटली तरी जीव जळत नाही. प्रथमच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी छापलेली असते, चार वर्षांच्या पोराला पहिली पातळी घ्या. त्यांच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, दहा-बारा मी दुकानातल्या प्रिंटरवर काढून दोऱ्याने शिवल्या. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, मी त्यावरच वाढलो, म्हणून हौसेने तेही आणलं. ते मोठ्या मुलांचं. तिने चित्रं बघून बाजूला ठेवलं, आता रात्री मीच वाचतो.

एका वेळी शेल्फवर दहाच ठेवतो, बाकी पत्र्याच्या पेटीत. दर सोमवारी बदली. माल फिरता ठेवायचा, बाकी काही नाही. फेब्रुवारीपर्यंत निवड माझी असायची. एका सोमवारी मी दुकानातून यायच्या आत तिने पेटी उघडून शेल्फ लावून टाकलं होतं, आणि मी कंटाळून तळाशी दडवलेलं उंदराचं पुस्तक मधोमध. तेव्हापासून मला हात लावू देत नाही. गोष्ट वाचायला बसलो तरी "तुम्ही नुसतं ऐका."

आता तक्रारी. चैत्रात कूलर लागला आणि तुषारांनी खालची कड फुगली, बिस्किट चहात बुडवल्यासारखी. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की पाण्याने झालेलं वॉरंटीत येत नाही. खान्देशात कूलरशिवाय उन्हाळा काढणारं घर कोणतं, हे त्यांना कोण सांगणार. दुसरं, भिंतीला बांधायचा पट्टा सोबत येतो तो शोभेचा नाही. दुसऱ्याच महिन्यात पोरगी कप्प्यांची शिडी करून वर चढली होती. त्याच संध्याकाळी ड्रिल आणून पट्टा ठोकला. तिसरं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीची पोरं आली आणि दोन पुस्तकांची पानं गेली, पण तो दोष शेल्फचा नाही, भाच्यांचा.

पुन्हा हेच घ्याल का? नाही. एमडीएफचं तर नाहीच. कानबाईच्या सणाला बहीण येणार, तिच्या धाकट्यासाठी गल्लीतल्या सुताराकडे प्लायवूडचं करायला दिलंय, मजुरीसकट २,४०० ठरले. माप द्यायला लेकीला सोबत नेलं होतं. सुतार टेप धरून उभा, आणि ही त्याला सांगतेय, "काका, खालचा खण मोठा करा, तो जाड आहे, त्याला बसता आलं पाहिजे."