चष्मेवाला दुसऱ्यांदा पाणी प्यायला, तेव्हाच उठायला हवं होतं

२,९१,७८८ रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, कारण तोंडाने सांगताना अजून जीभ अडखळते. त्यात पैसे माझे नाहीत, कंपनीचे आहेत.

चौदा वर्षं मी पर्चेस बघते. पत्र्याची जाडी जरा कमी भरली तरी ट्रक परत पाठवणारी बाई मी. आणि मला गंडवलं कुणी, तर मीटिंग रूममध्ये स्क्रीन बसवणाऱ्याने!

आमचं ऑफिस पुण्यात, वर्कशॉप रांजणगावला. सोमवारची मीटिंग म्हणजे टेबलाच्या मधोमध स्पीकरवर ठेवलेला मोबाईल आणि त्यावर वाकलेले आठ जण. ड्रॉइंगचं 'रिव्हिजन डी' एकदा तिकडे 'बी' ऐकू गेलं आणि चारशे नग थेट स्क्रॅपमध्ये. साहेब म्हणाले, बास, दोन्हीकडे व्हिडिओची सिस्टीम बसवून टाका, या महिन्यातच. म्हणजे घाई मला एकटीला नव्हती, हे नोंदवून ठेवते.

दोन कोटेशनं साडेपाच लाखांच्या वर. या स्क्रीनवाल्याचं ३,८६,००० अधिक १८ टक्के जीएसटी ६९,४८०, एकूण ४,५५,४८०. दोन टच पॅनल, दोन कॅमेरे, माइक-स्पीकर, फिटिंग सगळं धरून. एवढं स्वस्त का, हे विचारलं होतं मी. "इंपोर्टरकडून डायरेक्ट उचलतो मॅडम."

मग डेमो. लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडला आणि म्हणाला, ही आमची बंगळुरूची टीम, लाइव्ह आहे. स्क्रीनवर चार जण. आमचे क्वालिटीवाले सर बोलायला लागले, तर याने हात वर केला. "एक मिनिट सर, लाइन सेटल होऊ दे." घड्याळ बघितलं. "हां, आता विचारा." सरांनी विचारलं, आवाज येतोय का? चौघांनी माना डोलावल्या, एकाने अंगठा दाखवला. सगळे खूश. थोड्या वेळाने खालच्या कोपऱ्यातला चष्मेवाला निळी बाटली उघडून पाणी प्यायला आणि बाहीने तोंड पुसलं. हे मी आधी पाहिलं होतं. तीच बाटली, तीच बाही, झाकण लावताना तसंच एकदा हातातून निसटलं. मी पाहिलं, आणि मनात काय आलं? तहान लागली असेल बिचाऱ्याला! रेकॉर्डिंग होतं ते, फिरून पहिल्यापासून लागलं होतं. खोलीत सहा जण होते, दोघे इंजिनिअर. कुणालाच कळलं नाही.

डेमो बघायचा तर तुमच्या लिंकवर, पलीकडे तुमचाच माणूस बसवून. आणि त्याला सांगा, तीन बोटं दाखव.

साठ टक्के ॲडव्हान्स, २,७३,२८८, आरटीजीएसने गेले. खातं फर्मच्या नावावर नव्हतं, एका व्यक्तीच्या नावाचं होतं. "प्रोप्रायटर आहेत मॅडम." पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसायची सोय बँकेत आहे, आमच्या अकाउंट्सवाल्याने नाव पाहिलंही, पण मला विचारलं नाही. जीएसटी नंबर मी स्वतः तपासला होता: महाराष्ट्राच्या २७ने सुरुवात, पंधरा अक्षरं, सगळं बरोबर. पोर्टलवर मात्र टाकला नाही. नंतर टाकला. नंबर खराच निघाला, पण भलत्याच माणसाचा आणि नोंदणी रद्द झालेली. लॉगिनसुद्धा लागत नाही, अर्ध्या मिनिटाचं काम.

दहा दिवसांनी ब्रॅकेट, केबली, एक वेबकॅम आणि एक माइक-स्पीकर आला. भिंतीला भोकंही पाडून गेला. पॅनल ट्रान्सपोर्टमध्ये अडकलंय म्हणून "रिफंडेबल" १८,५०० यूपीआयने मागितले, तेही मी दिले. त्यानंतर फोन बंद. आलेला माल तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दाखवला, तर सगळा मिळून ५,८००चा.

आता पुढचं. १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तोवर एकोणीस दिवस उलटले होते. पैसे खात्यातून केव्हाच निघून गेलेले. पोलीस ठाण्यात गेले, तर "ऑनलाइन पैसे गेलेत ना, सायबरला जा." सायबरवाले म्हणतात, "माल थोडा तरी आलाय ना, मग हे सिव्हिल मॅटर." अहो, रेकॉर्डिंगला लाइव्ह म्हणून दाखवलं, दुसऱ्याचा जीएसटी नंबर छापला, यात सिव्हिल काय आहे? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ प्रिंट काढून नेलं, तर "मॅडम, वकील आहात का?" चार फेऱ्या, चार अर्ज, हातात फक्त पोच. एकदा तर दीड तास बसवून ठेवलं आणि साहेब बंदोबस्तावर गेल्याचं सांगितलं. ग्राहक आयोगात जावं, तर वकिलाने तिथेच थांबवलं: धंद्यासाठी केलेली खरेदी, तुम्ही ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. मग आम्ही बसतो तरी कशात?

स्वस्त कोटेशनवाल्याने बसवलेलं एखादं ऑफिस आधी जाऊन बघा, फोटो नको. उरलेले पैसे माल चालू झाल्यावर. आणि फसलात तर लाज गिळून त्याच दिवशी १९३० लावा. मी साहेबांना कसं सांगू या विचारात आठवडा घालवला.

साहेब काही बोलले नाहीत. फक्त तीन हजारांच्या वरच्या प्रत्येक बिलावर आता त्यांची दुसरी सही लागते. सोमवारी मोबाईल परत टेबलाच्या मधोमध असतो, आणि रांजणगावचा सुपरवायझर प्रत्येक रिव्हिजनला ओरडून विचारतो, "डी डमरूचा का बी बदकाचा?"