रोपवाटिकेतली गुलबकावली: रोप उत्तम, चिठ्ठी फसवी

यावल–फैजपूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून गेल्या फाल्गुनात मी १८० रुपयांना गुलबकावलीचे रोप आणले. कुंडीला ‘नजर तेज करणारी खरी गुलबकावली’ अशी चिठ्ठी लावलेली होती, आणि खरे सांगायचे तर रोपापेक्षा तिनेच मला पैसे काढायला लावले, कारण लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट अजून मनातून गेलेली नाही.

त्या गोष्टीत धाकट्या मुलाचे, ताजुलमुलुकचे, तोंड पाहताच बादशहाची दृष्टी जाते आणि परीराज्यातल्या बकावलीच्या बागेतील फुलावाचून ती परत येणार नाही, असे निदान होते. थोरले चौघे भाऊ वाटेतच एका गणिकेकडे सोंगट्यांच्या खेळात सर्वस्व हरून बसतात. तिच्या मांजराच्या डोक्यावर दिवा असतो आणि त्याच्या सावलीत उंदीर फासे उलटवतो, हे ओळखतो तो धाकटाच. १७२२ मध्ये इज्जतुल्ला बंगाली यांनी फारसीत लिहिलेल्या या कथेत पुढे थेट इंद्राचा दरबार येतो आणि त्याच्या शापाने बकावली अर्धी दगड होते. परी फारसी, शाप मात्र आपल्याकडचा!

घरी आले ते रोप म्हणजे आपला सोनटक्का, आल्याच्या कुळातला. त्यालाही गुलबकावली म्हणतात, त्यामुळे नावात फसवणूक नाही. फसवणूक आहे ती औषधाच्या दाव्यात. अमरकंटकला या फुलांचा अर्क डोळ्यांसाठी विकला जातो हे खरे, पण चिठ्ठीवर विसंबून घरगुती रस डोळ्यांत घालणे धोक्याचे आहे, आणि विक्रेत्याने त्याबद्दल अवाक्षरही काढले नाही.

कुंडीला पाणी निथळायला भोक नव्हते व आत नुसती चिकट काळी माती होती. वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकला तशा पानांच्या कडा करपल्या. मग कंद काढून मळ्यात केळीच्या सावलीत, ठिबकच्या नळीजवळ लावला. तिथे तो असा रुजला की भाद्रपदात पहिला तुरा आला. पांढरे फूल संध्याकाळी उमलते, दुसऱ्या दिवशी मलूल होते, पण तेवढ्या एका रात्रीत वास शेजारच्या ओट्यापर्यंत जातो.

रोप घ्यावे, मात्र दोन कोंब असलेला कंद मागावा आणि कुंडी उलटी करून भोक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.