जास्त मेगापिक्सेल की झटपट वाचला जाणारा सेन्सर? फुल-फ्रेम घेण्याआधी

फुल-फ्रेम मिररलेस (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला, आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचा हे एकदा ठरलं की खरी निवड दोन वाटांमध्येच उरते, असं माझं मत झालं आहे. एका वाटेवर तेहतीस, पंचेचाळीस मेगापिक्सेलचे सेन्सर आहेत. त्यांच्यात तपशील भरपूर, सावल्या कितीही उजळल्या तरी रंग टिकतात, पण यातले बरेचसे सावकाश वाचले जातात, म्हणजे सेन्सरवरचं चित्र टिपून घ्यायला कॅमेऱ्याला जास्त वेळ लागतो. दुसऱ्या वाटेवर चोवीस मेगापिक्सेलच्या आसपासचे, झपाट्याने वाचले जाणारे सेन्सर आहेत. मी आधी पहिल्या वाटेने गेलो, तीन हंगाम त्या कॅमेऱ्यावर काम केलं आणि मग दुसऱ्या वाटेला आलो. डोळ्यावरचा फोकस, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, दोन कार्डांची सोय हे सगळं आता दोन्हीकडे इतकं चांगलं आहे की त्यावर मी वेळ घालवत नाही. कंपन्यांची नावंही मोजकीच घेईन, कारण मला नडली ती गोष्ट एका कंपनीची नाही, एका प्रकारच्या सेन्सरची आहे.

माझं काम काय ते आधी सांगतो, म्हणजे माझा कल किती मनावर घ्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. शास्त्रीय संगीताच्या बैठकी, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, कीर्तनं आणि लगीनसराईत काही लग्नं. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही एकाच बॉडीवर, बहुतेक वेळा एकट्याने.

एका छोट्या सभागृहात ख्यालाची बैठक होती. साठ-सत्तर श्रोते, गायिका मंचावर, मी खाली तीन-चार हातांवर बसलेलो. विलंबित नुकताच सुरू झाला होता आणि तानपुऱ्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. मी पहिला फोटो काढला आणि शटरची खटकन वाजलेली ती टिचकी अख्ख्या सभागृहाने ऐकली. दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी मान वळवून पाहिलं. आयोजकांपैकी एक जण वाकून हळूच म्हणाले, "दादा, तेवढा आवाज बंद होईल का?" मी लगेच सायलेंट शटर लावलं. पुढचे दोन तास मनासारखे फोटो मिळाले असं मला वाटत होतं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडले तर मागच्या पांढऱ्या पडद्यावर, गायिकेच्या फिकट साडीवर आणि काही फोटोंत थेट चेहऱ्यावर काळपट आडवे पट्टे. डोळे मिटून लावलेल्या षड्जाचा एक फोटो होता. तसा क्षण पुन्हा मिळत नाही. त्यातही कपाळावरून पट्टा गेला होता.

हे का होतं ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण माहितीपत्रकात हा आकडा बहुधा नसतोच. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. त्यामुळे साधा एलईडी दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही. यांत्रिक शटरचा पडदा सेन्सरवरून साधारण १/२५० सेकंदात सरकतो, म्हणून सगळ्या फ्रेमला जवळपास एकाच क्षणाचा उजेड मिळतो. शिवाय अँटी-फ्लिकर चालू असेल तर कॅमेरा दिवा तेज होण्याची वाट बघून मगच फोटो घेतो. सायलेंट शटरमध्ये पडदाच नाही. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि सावकाश सेन्सरला त्यासाठी १/१५ सेकंदापर्यंत वेळ लागू शकतो. तेवढ्या वेळात दिवा सहा-सात वेळा मंद-तेज होऊन गेलेला असतो. जितके हेलकावे, तितके पट्टे. जुन्या हॅलोजनची तार तापलेली राहायची, त्यामुळे हा फरक फारसा दिसत नसे. आता सभागृहं, मंगल कार्यालयं, देवळंसुद्धा एलईडीवर आली आहेत.

उपाय नाही असं नाही. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की दिव्याचा पूर्ण हेलकावा प्रत्येक ओळीत मावतो आणि पट्टे जातात. मी कितीतरी दिवस तेच करत होतो. पण १/१०० वर तबलजींची बोटं धूसर येतात आणि तानेबरोबर उठलेला गवयाचा हात पुसट होतो. मंचावरचे डिमरवर चालणारे दिवे तर वेगळ्याच गतीने लुकलुकतात, आणि एका मंचावर तीन प्रकारचे दिवे असले तर कुठलाच एक आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. काही कॅमेऱ्यांत शटरचा वेग दशांशात बदलून पट्टे घालवता येतात. सोय उत्तम आहे, पण बंदिशीची सम गाठायची असते तेव्हा चाकं फिरवायला उसंत नसते.

झटपट वाचल्या जाणाऱ्या सेन्सरकडे आल्यावर पट्टे पूर्ण गेले असं मी म्हणणार नाही. या वर्गातले चोवीस मेगापिक्सेलचे कॅमेरे साधारण १/६० ते १/७० सेकंदात वाचले जातात, म्हणजे हिशेबाने एक-दीड हेलकावा उरतोच. पण सहा-सात काळ्या रेघा आणि एक रुंद, मऊ सावली यांत फार अंतर आहे. ती सावली एडिटिंगमध्ये ग्रेडियंट ओढून काढता येते. रेघा चेहऱ्यावर आल्या की मला तरी आजवर नीट काढता आलेल्या नाहीत. आता मी बैठकीला १/२०० वर निर्धास्त बसतो, आणि यांत्रिक शटर मंचाजवळ वापरणं मी जवळपास सोडलं आहे.

व्हिडिओत हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. तिथे २५ फ्रेमला १/५० शटर ठेवतो, त्यामुळे पट्ट्यांचा त्रास कमी. कॅमेरा पालवर (PAL, म्हणजे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमची पद्धत) ठेवायला मात्र विसरू नका, तीसच्या पटीतल्या फ्रेम आपल्या दिव्यांशी जुळत नाहीत. त्रास होतो तो वाकण्याचा. सावकाश सेन्सरवर मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला कॅमेरा जरा भरभर फिरवला की खांब तिरपे दिसतात. हातात धरून वरातीबरोबर चाललं की चित्र जेलीसारखं हलतं, आणि स्टॅबिलायझेशन ते लपवू शकत नाही. तानपुऱ्याची तार जवळून घेतली की ती नागमोडी दिसते. नव्या कॅमेऱ्यातही थोडी दिसते, पण आता मी तो शॉट टाळत नाही.

लग्नात आणखी एक. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात त्या क्षणी आजूबाजूच्या तीन-चार फोटोग्राफरांचे फ्लॅश उडतात. व्हिडिओत अशी एखादी फ्रेम निम्मी पांढरीफटक आणि निम्मी नेहमीसारखी येते. अंतरपाट दूर होतानाच्या शॉटमध्ये असे तुकडे आले की ते कापून काढायलाही जागा नसते. वाचनाचा वेग वाढला की अशा फ्रेम कमी होतात. मी मोजदाद ठेवलेली नाही, पण एडिटिंगला बसल्यावर फरक जाणवतो.

स्लो मोशनचंही बघा. सेकंदाला ५० फ्रेम घ्यायच्या म्हटलं की सावकाश वाचले जाणारे बरेच सेन्सर ४के मध्ये फक्त मधला भाग वापरतात, म्हणजे दीडपट क्रॉप. ३५ मिलिमीटरची लेन्स ५२ च्या आसपास जाते आणि दृश्य अरुंद होतं. सप्तपदीच्या वेळी मागे भिंत, बाजूला होमकुंड आणि पाहुण्यांची दाटी, तेव्हा दोन पावलं मागे सरकायला जागा कुठून आणायची? पूर्ण रुंदीत ५० फ्रेम मिळणं ही चैन नाही, आपल्या मांडवांमध्ये ती गरज आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून सांगतो, कारण जुन्या कॅमेऱ्याने मला काही फार सुंदर फोटो दिले आहेत. कोकणातल्या एका जुन्या देवळात गाभाऱ्यात समई आणि बाहेर सभामंडपात दुपारचं ऊन, असा एकच फोटो मी काढला होता. उन्हासाठी एक्स्पोजर धरलं आणि सावल्या नंतर चार स्टॉप उजळल्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मूर्तीवरचं दगडी काम कसलाही कचरा न दिसता उमटलं. नव्या, अंशतः स्टॅक्ड (वेगाने वाचण्यासाठी जादा सर्किट जोडलेल्या) प्रकारच्या सेन्सरांना वेगाची किंमत इथे मोजावी लागते. कमी आयएसओवर (उजेडाच्या कमी संवेदनशीलतेवर) सावल्या फार ओढल्या तर त्यांत दाणे लवकर दिसू लागतात. दोन-अडीच स्टॉपपर्यंत मला काही अडचण आली नाही. पण ज्यांचं काम निसर्गाचं, वास्तूंचं किंवा स्टुडिओत पैठणीच्या जरीचे धागे दाखवण्याचं आहे, त्यांनी माझ्या बैठकीच्या अनुभवावर निर्णय घेऊ नये. ट्रायपॉडवर, थांबलेल्या विषयासमोर, पहिल्या वाटेचा कॅमेरा सरस आहे.

मेगापिक्सेलचा फरक मात्र वाटतो तेवढा मोठा नाही, असं मला हिशेब केल्यावर लक्षात आलं. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० चा, तेहतीसचा जवळपास ७००० बाय ४६७० चा. म्हणजे रुंदीत सतरा टक्के जास्त. १२ बाय १८ इंचाच्या पानाला ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) रुंदीत ५४०० पिक्सेल लागतात, ते चोवीसमध्ये सहज बसतात. करिज्मा अल्बमच्या १२ बाय ३६ च्या अख्ख्या पानावर एकच फोटो पसरवायचा तर चोवीसचा १६७ डीपीआय मिळतो, तेहतीसचा १९५ आणि पंचेचाळीसचा २२५ च्या थोडा पुढे. तीनशेला यांपैकी कोणीच पोचत नाही, आणि हातात अल्बम घेऊन बघणाऱ्या एकाही घराने मला आजवर त्यावरून विचारलेलं नाही. लांबून काढून नंतर कापायची सवय असेल तर पंचेचाळीस उपयोगी पडतात, हे खरं.

दोन्ही एकत्र हवं असेल तर तेही मिळतं. पूर्ण स्टॅक्ड सेन्सर फुल-फ्रेममध्ये सोनीने २०१७ साली ए९ मध्ये पहिल्यांदा आणला. निकॉनने २०२१ च्या झेड९ मध्ये पंचेचाळीस मेगापिक्सेल ठेवून यांत्रिक शटरच काढून टाकलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्रीमध्ये तर सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, वाकणं वगैरे प्रश्नच उरत नाही, फक्त त्याचा मूळ आयएसओ २५० पासून सुरू होतो. बजेट तिथवर जात असेल तर हा आढावा तुमच्यासाठी नाही. मध्यम बजेटमध्ये कॅननचा आर६ मार्क टू आणि जून २०२४ मध्ये आलेला निकॉनचा झेड६ थ्री हे दोन्ही चोवीस मेगापिक्सेलचे आणि झटपट वाचल्या जाणाऱ्यांपैकी आहेत. मी घेतलेला कॅमेरा याच वर्गातला. कोणता, हे तुमच्याकडे आधीपासून कोणत्या लेन्स आहेत यावरच ठरवावं. लेन्स बदलण्याचा खर्च बॉडीपेक्षा जड पडतो.

सलग रेकॉर्डिंगबद्दलही थोडं, कारण बैठकी टिपणारे हा प्रश्न मला हमखास विचारतात. पूर्वी कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबत. युरोपमध्ये अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेऱ्याचा कर लागायचा, म्हणून ती मर्यादा. नव्या बॉडींमध्ये ती बहुतेक गेली आहे. तरी तासभराचा यमन अखंड घ्यायचा तर उष्णतेचा विचार हवाच. पॅनासॉनिकच्या एस५ टूमध्ये त्यासाठी आत पंखा आहे आणि केवळ लांब रेकॉर्डिंगच करायचं असेल तर तो जरूर बघा. मी ४के २५ वर वातानुकूलित सभागृहात अखंड मैफली घेतल्या, कॅमेरा थांबला नाही. मे महिन्यातल्या उघड्या मांडवाची हमी मी देणार नाही.

झटपट सेन्सरचा एक खर्च लपलेला असतो. या वर्गात काही बॉडींना वेगवान फॉरमॅटसाठी सीएफएक्स्प्रेस कार्ड लागतं, आणि ते एसडीच्या कितीतरी पट महाग आहे. बॅटरीही जास्त खाल्ली जाते. पूर्वी मी दोन घेऊन जायचो, आता चार.

दुकानात जाताना एक साधा, स्वस्तातला एलईडी बल्ब बरोबर न्या आणि दुकानदाराला होल्डरमध्ये लावून द्यायची विनंती करा. दुकानातले चांगले दिवे बऱ्याचदा लुकलुकतच नाहीत, म्हणून हा खटाटोप. सायलेंट शटर लावा, वेग १/१००० ठेवा आणि त्या बल्बच्या उजेडात पांढऱ्या भिंतीचा आडवा फोटो काढा. भिंतीवर काळे पट्टे किती आले ते मोजा. एक पट्टा म्हणजे शंभरावा सेकंद. सात पट्टे आले तर सेन्सर वाचायला साधारण १/१४ सेकंद लागतो, एक-दीड आला तर १/७० च्या आसपास. मग व्हिडिओ लावून दाराच्या चौकटीवरून कॅमेरा भरकन फिरवा आणि चौकट किती तिरपी होते ते तिथेच बघा. दोन्ही कॅमेरे एकाच बल्बखाली, लेन्सच्या सारख्याच फोकल लांबीवर तपासलेत तर पाच मिनिटांत तुम्हाला जे दिसेल ते मला तीन हंगामांनंतर दिसलं.

जुनी बॉडी मी विकलेली नाही. सप्टेंबरात कास पठारावर जातो तेव्हा तीच नेतो. बैठकीच्या पिशवीत मात्र ती आता ठेवत नाही.