रॅम मागवण्याआधी न्यूमा_मॅप्स उघडा: आठ महिने वापरल्यानंतर

आमचा डेटाबेस सर्व्हर सेकंडहँड. दोन सॉकेट, म्हणजे दोन प्रोसेसर; १२८ जीबी रॅम, प्रत्येक नोडला ६४. (नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम; या विभागणीलाच न्यूमा म्हणतात.) गेल्या पावसाळ्यात तो स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) खायला लागला आणि कहर म्हणजे त्याच वेळी ‘फ्री’ कमांड चाळीस जीबीच्या वर मेमरी मोकळी दाखवत होती. मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला, तर एकच पालुपद: “सर, रॅम वाढवा.” तासाभरात कोटेशनही हजर. चाळीस जीबी उताणी पडलेली असताना वर आणखी रॅम? पैसे कंपनीचे होते, तरी माझा जीव जळला.

त्या तिरमिरीतच /प्रॉक/<पीआयडी>/न्यूमा_मॅप्स उघडली. लिनक्समध्ये ही फाइल (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.१४ आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून आहे. मी मात्र तोवर तिच्या वाटेला गेलो नव्हतो. प्रोसेसच्या मेमरीच्या कुठल्या तुकड्याची किती पेजेस (मेमरी वाटण्याचं एकक, सहसा ४ केबी) कुठल्या नोडवर बसली आहेत ते ती ओळीओळीने सांगते. बफर पूलच्या (डेटाबेस आपला डेटा ठेवतो त्या मेमरीच्या) ओळींत पत्त्यानंतर लगेच लिहिलेलं: बाइंड:०. पुढे अनॉन, डर्टी हे पेजेसच्या प्रकारांचे आकडे, मग एन०= (शून्य नोडवरची पेजेस) आणि भलामोठा आकडा. एन१ औषधालाही नाही.

बाइंड:० म्हणजे या प्रोसेसने फक्त शून्य नोडवरच मेमरी घ्यायची. तो भरला की शेजारचा नोड रिकामा असला तरी तिकडे जायचं नाही, पेजेस स्वॅपमध्ये ढकलायची. स्टार्टअप स्क्रिप्ट बघितली तर तिथे न्यूमासीटीएल (प्रोसेसला नोड ठरवून देणारी कमांड) --मेमबाइंड=०. गिट ब्लेम केलं, म्हणजे ती ओळ कोणी लिहिली ते बघितलं. माझंच नाव. तीन वर्षांपूर्वी कुठलीशी बेंचमार्क चाचणी घेताना टाकलं आणि काढायचं राहिलं. त्याजागी --इंटरलीव्ह=ऑल (मेमरी सगळ्या नोडवर आळीपाळीने) केलं, रीस्टार्ट केलं, स्वॅप शांत. कोटेशनला मी उत्तर दिलेलं नाही.

इथवर पाचपैकी पाच. आता खरी कटकट.

न्यूमा_मॅप्सच्या ओळीत तुकड्याचा फक्त सुरुवातीचा पत्ता असतो. शेवटचा नाही! बाजूच्याच मॅप्स फाइलमध्ये दोन्ही असतात, मधे एक डॅश, बास. इथे तो एक आकडा छापायला काय जात होतं? तुकडा केवढा ते कळायला दोन्ही फाइल शेजारी ठेवून पत्ते जुळवायचे, आणि मधल्या वेळात प्रोसेसने मॅपिंग बदललं तर जुळवाजुळव गेली कामातून.

त्यात आकडे केबीत नाहीत, पेजेसमध्ये. मी ऑकमध्ये (ओळींतले आकडे काढून हिशेब करणारी कमांड) सरळ चारने गुणत होतो आणि चाललं होतं. ऑक्टोबरात २ एमबीची राखीव ह्यूज पेजेस चालू केली आणि माझ्या स्क्रिप्टने ५६ जीबीचा पूल ११२ एमबी दाखवला. पोटात गोळा आला. मग ओळीच्या टोकाला नजर गेली: कर्नेलपेजसाइझ_केबी=२०४८. बरं, ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस (कर्नेल आपणहून बनवतं ती मोठी पेजेस) असतील तर तिथे ४च दिसतं आणि मोजणीही ४ केबीच्याच हिशेबाने होते, म्हणजे तिथे चारने गुणणं बरोबर. प्रत्येक ओळीचा गुणाकार तिच्या टोकाला बघून करायचा, हे शिकायला माझा एक अख्खा शनिवार गेला.

एका बाबतीत मत बदललं. पेजमॅप फाइलमधून फिजिकल फ्रेम नंबर (पेजची रॅममधली नेमकी जागा) मिळेल म्हणून गेलो, तर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) नसताना सगळी शून्यं. म्हटलं, कर्नेलवाल्यांचं सोवळं! पण कारण वाचलं तेव्हा गप्प बसलो. २०१५ साली रोहॅमरचा गाजावाजा झाला: डीरॅमची (रॅमच्या चिपची) एक ओळ पुन्हापुन्हा ठोकली की शेजारच्या ओळीतले बिट उलटतात, आणि फिजिकल पत्ता माहीत असला की नेमकी ओळ हेरणं सोपं जातं. म्हणून कर्नेल ४.२ पासून विशेषाधिकार नसेल तर तो आकडा शून्यच. न्यूमा_मॅप्स गल्ली सांगते, घर नंबर सांगत नाही. आपल्याच युजरची प्रोसेस असेल तर सुडोही (रूटचे अधिकार उसने घेणंही) लागत नाही. माझ्या कामाला गल्ली पुरते.

माझी दुसरी चूक म्हणजे ही फाइल दर मिनिटाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) वाचणं. ती वाचली की कर्नेल त्या प्रोसेसची पेज टेबलं (कुठलं पेज कुठे आहे याच्या नोंदी) चालत जातं. ४ केबी पेजेस असताना ५६ जीबीला दीड कोटीच्या आसपास नोंदी. तेवढ्यात नवीन मॅपिंग हवं असलेल्या थ्रेडला लॉकपाशी ताटकळावं लागू शकतं. न्यूमास्टॅट -पी (प्रोसेसची नोडवार मेमरी दाखवणारा प्रोग्रॅम) स्वस्त पडेल म्हणून तो लावला, तर तोही आतून हीच फाइल वाचतो. आता दर मिनिटाला सीग्रुपची (कर्नेलने एकत्र हिशेब ठेवलेल्या प्रोसेसच्या गटाची) मेमरी.न्यूमा_स्टॅट फाइल बघतो, न्यूमा_मॅप्स फक्त शंका आली तरच. सीग्रुप व्ही२ मध्ये तिथे नोडवार आकडे थेट बाइटमध्ये मिळतात. म्हणजे जमतं की यांना!