नागिणीसाठी नौपाड्यातला त्वचारोगाचा दवाखाना

ठाण्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हा दवाखाना आहे. लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे आणि संध्याकाळी नंबर लागेपर्यंत तास-दीड तास सहज जातो. तरीही नागीण झालेल्या कोणालाही मी इथेच पाठवेन.

आमच्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, त्यात जुना मधुमेह. डाव्या कुशीत आग होतेय म्हणाल्या तेव्हा जवळच्या एका डॉक्टरांनी घामोळं समजून मलम दिलं. दुसऱ्या दिवशी पाठीपासून छातीपर्यंत पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकूंनी गेरूचा लेप सुचवला, कोणी नागीण उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. वर 'दोन्ही तोंडं जुळली की माणूस वाचत नाही' हेही कानावर पडलं. आईंचा धीरच सुटला.

दवाखान्यात शिरताना मी 'नागीण' म्हटलं मात्र, काउंटरवरच्या मुलीने आम्हाला लगेच आतल्या खोलीत बसवलं. बाहेर एक गरोदर बाई बसल्या होत्या. फोडांतल्या पाण्यातून, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात ते धोक्याचं असतं. एवढी जाण काउंटरवर असणं मला फार मोलाचं वाटलं.

डॉक्टरबाईंनी आधी भीती घालवली. "आजी, हा पट्टा एका नसेच्या हद्दीत उठतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून तो मध्यावर थांबतो. तोंडं जुळायचा प्रश्नच येत नाही." लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत इतकी वर्षं दडून होता, हेही त्यांनीच सांगितलं.

"पण शरीराने त्याला मारलं कसं नाही?" मी विचारलं. त्यांनी कागद उलटा करून एक मोठा गोल काढला. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे बाहेरच्या भिंतीवर मांडते, दुकानदार नमुना दर्शनी टांगतो तशी. शरीराचा पहारा करणाऱ्या टी पेशी फिरता फिरता हे तुकडे तपासतात, परका दिसला की ती पेशी संपवतात. कांजिण्यांचा विषाणू हे तुकडे धरणारे रेणूच पेशीच्या आत अडकवून ठेवतो. ओठांवर तापाचे फोड उठवणारा त्याचा भाऊबंद तुकडे आत नेणारी वाट बुजवतो. त्याच्या त्या प्रथिनाचं नाव आयसीपी ४७. त्याच कुळातला सायटोमेगॅलोव्हायरस तर हे रेणू मोडूनच टाकतो. मग भिंत रिकामी दिसली म्हणून मारायला येणाऱ्या एनके नावाच्या दुसऱ्या पहारेकरी पेशींना थोपवायला हुबेहूब नकली रेणू उभा करतो. आणखी एक भाऊबंद, एप्स्टाइन-बार विषाणू, आपल्याच शरीरातल्या, प्रतिकार शांत करणाऱ्या आयएल-१० या रसायनाची नक्कल बनवतो. माणसाला होणारे हर्पिस कुळातले विषाणू नऊ, आणि एकदा शिरला की कुठलाच पूर्ण जात नाही. दडून बसलेला असताना तर तो जवळजवळ काहीच प्रथिनं बनवत नाही. तपासणाऱ्याला सापडणार काय? वयाने किंवा आजाराने टी पेशींचा पहारा ढिला पडला की तो नसेवाटे कातडीपर्यंत येतो. गोल, बाण आणि फुल्यांचा तो कागद मी जपून ठेवलाय.

औषधाची घाई का, तेही यातूनच कळलं. गोळी विषाणूची वाढ रोखते, दडलेल्याला हात लावत नाही. म्हणून फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू व्हावी लागते. आईंना व्हॅलासायक्लोव्हिर दिली, पण आधी क्रिएटिनिन तपासून, कारण या गोळीचा डोस मूत्रपिंडाच्या कामावर ठरतो. फोड सुकले तरी नसेचं दुखणं महिनोन्‌महिने राहू शकतं, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. आईंना अजून रात्री आग होते, साडीचा काठ घासला तरी कळ येते. त्यासाठी वेगळी गोळी चालू आहे आणि दर वेळी डॉक्टरबाई नीट चौकशी करतात, घाईने वाटेला लावत नाहीत.

माझी पन्नाशी झाली असल्याने मी लसीबद्दल विचारलं. भारतात २०२३ पासून मिळणारी नवी लस जिवंत विषाणूची नाही, त्यात विषाणूचं एकच प्रथिन असतं, ग्लायकोप्रोटीन ई. गंमत म्हणजे आपल्या अँटिबॉडीला मागून पकडून ठेवणारं प्रथिन तेच, आणि लसीने त्यालाच ओळखीचं करून टाकलंय. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. लस महाग आहे, पण आईंचे हाल पाहून मी घ्यायचं ठरवलं.

तक्रार एकच. फोन क्वचितच उचलतात, त्यामुळे नंबर जाऊनच लावावा लागतो. दवाखाना उघडतानाच पोचा, चालू औषधांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. लस मागवून ठेवावी लागते, तेव्हा आदल्या भेटीत सांगून या. जिना चढवत नसेल तर खालच्या मेडिकलवाल्याला सांगा, तो वर निरोप देतो आणि डॉक्टरबाई खाली येऊन तपासतात.